पाणी ठीक, तरी नवा मासा टिकत नाही: लहान रीफ टँकमधल्या सोबतीचा घोळ

घरात रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि जिवंत प्रवाळ ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, सांभाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच स्वरूपाची असते. टँक लावून सहा-आठ महिने झालेत. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट पाच ते दहा, विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५ अंश. आधीचे मासे टुणटुणीत आहेत, प्रवाळ नीट उघडताहेत. फक्त नवा मासा टिकत नाही. आणला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसेनासा होतो आणि आठवडाभरात खडकामागे मेलेला सापडतो, कधी सापडतही नाही. मग घाईघाईनं पाणी बदलायचं, बाटलीतले जिवाणू ओतायचे, थोडं थांबून पुढचा मासा आणायचा. तोही जातो.

माझ्या टँकमध्ये हे तीनदा झालं. टँक ६० सेंमी लांब, ३५ रुंद, ४० उंच. गुणाकार केला तर ८४ लिटर येतात, पण वरची मोकळी पट्टी, वाळू आणि लाइव्ह रॉक (जिवाणूंची वस्ती असलेला सच्छिद्र खडक) वजा केले की प्रत्यक्ष पाणी साठ-पासष्ट लिटरच भरतं. त्यात सगळ्यात आधी सोडला होता सिक्सलाइन रॅस. जांभळ्या अंगावर नारिंगी पट्टे, सतत खडकांतून आत-बाहेर, फारच देखणा मासा. विकणाऱ्यानं ‘रीफ सेफ’ म्हणून दिला होता आणि ते खरंही होतं. त्यानंतर आणलेला फायरफिश गेला, मग रॉयल ग्रामा गेला, मग दुसरा फायरफिश. तिन्ही वेळा मी पाण्यालाच दोष दिला.

तिसऱ्या वेळी मासा सोडल्यावर खोलीतला दिवा बंद केला आणि टँकपासून दोन मीटर लांब खुर्ची टाकून तासभर बसले. काचेजवळ उभं राहिलं की मासे खाण्याच्या आशेनं पुढे येतात, त्यामुळे त्यांचं आपसातलं वागणं दिसतच नाही. लांब बसल्यावर जे दिसलं त्यात चावाचावी नव्हती. रॅस दर दोन-तीन मिनिटांनी फायरफिशच्या कपारीच्या तोंडाशी येऊन अंग वाकवून थांबायचा, फायरफिश आत सरकायचा, रॅस निघून जायचा. दिवसभर हेच. फायरफिशच्या अंगावर एक ओरखडा नव्हता, पण तो बाहेर येत नव्हता आणि म्हणून खात नव्हता. पाचव्या दिवशी तो गेला.

‘रीफ सेफ’ या शब्दाचा अर्थ एवढाच, की हा मासा प्रवाळ खात नाही. दुसऱ्या माशाशी तो कसा वागेल, श्रिंप खाईल का, साठ लिटरमध्ये मावेल का, यातलं काहीही तो शब्द सांगत नाही. कोणाचं कोणाशी पटतं याचे रंगीत तक्तेही मिळतात, पण त्यात टँकचा आकार नसतो आणि कोण आधी आलं हेही नसतं. लहान टँकमध्ये नेमक्या या दोन गोष्टींवर निकाल लागतो. तीनशे लिटरमध्ये सिक्सलाइन आणि फायरफिश बरेचदा सुखानं राहतात, कारण हाकललेल्या माशाला जायला जागा असते.

आधी मृत्यूची वेळ लिहा

पुढचा मासा आणण्याआधी एक काम करा. आजवर जे जे गेले त्यांची नावं आणि टँकमध्ये आल्यापासून किती दिवसांनी गेले ते लिहून काढा. कारण शोधायला याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

पहिल्या चोवीस तासांत गेला असेल तर सोबतीचा प्रश्न नसण्याची शक्यता जास्त. प्रवासाच्या पिशवीत माशाच्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्या उतरलेल्या पीएचमुळे पिशवीतला अमोनिया बराचसा कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडून तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसलं तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला जाळायला लागतो. म्हणून लांबून आलेल्या माशाचं तापमान जुळवावं, क्षारता (पाण्याचा खारटपणा) मोजावी आणि फरक किरकोळ असेल तर त्याला उचलून सरळ टँकमध्ये सोडावं. पिशवीतलं पाणी मात्र टँकमध्ये ओतू नये. श्रिंप आणि गोगलगायी वेगळ्या. त्यांना क्षारतेतला फरक माशांपेक्षा कितीतरी जास्त बाधतो, त्यांच्यासाठी हळूहळू थेंबपद्धतच बरी.

दोन ते सात दिवसांत गेला असेल तर दोनच मोठे संशयित: त्रास देणारा शेजारी किंवा व्हेल्वेटसारखा वेगानं पसरणारा आजार. फरक ओळखता येतो. आजारात श्वास जलद होतो, मासा पॉवरहेडच्या (टँकमध्ये प्रवाह तयार करणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात तोंड धरून राहतो, अंगावर बारीक पिठासारखी भुकटी दिसते, आणि मुख्य म्हणजे थोड्याच दिवसांत जुने मासेही लक्षणं दाखवतात. क्लाउनफिशवर पांढरट चिकट थर चढत असेल तर ब्रुकलिनेला या परजीवीचा संशय घ्या. छळ होत असेल तर जुने मासे ठणठणीत असतात आणि नवा मासा वरच्या कोपऱ्यात, हीटरमागे किंवा पंपाशेजारी चिकटून राहतो. शेपटीचे, परांचे तुकडे उडालेले दिसले तर शंकेला जागाच नाही.

तीन ते आठ आठवड्यांनी गेला असेल तर तो बहुधा उपाशी मेला. पोट आत गेलेलं आणि डोक्यामागचं मांस खपाटीला लागलेलं, ही त्याची खूण.

मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसत असतील तर तो इक, परजीवीमुळे होणारा आजार. तिथे सोबतीचं हे सगळं बाजूला ठेवा. तांब्याचं औषध रीफ टँकमध्ये कधीही घालू नका, त्यानं श्रिंप, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. मासे वेगळ्या टाकीत काढून तिथे उपचार करायचे आणि मुख्य टँक ७६ दिवस माशांशिवाय ठेवायचा, अशी पद्धत बहुतेक अनुभवी लोक पाळतात.

जागा कोणाची

माशाला लिटर कळत नाहीत, कपार कळते. म्हणून मासा निवडताना ‘माझ्या टँकमध्ये किती मासे बसतील’ हा प्रश्न मी आता विचारत नाही. टँकमध्ये राहण्याच्या जागा किती आहेत आणि त्यातल्या कोणत्या रिकाम्या आहेत, तेवढं बघते. माझ्या टँकमध्ये अशा चार जागा आहेत: वाळूतलं बीळ, खडकातली कपार, खडकाचा माथा जिथे बसून इकडेतिकडे बघणारे मासे टेकतात, आणि खडकावरचं मोकळं पाणी. एका जागेला एक मासा, किंवा एक जोडी.

या हिशेबात पहिला नियम आपोआप निघतो. ज्यांची अंगकाठी सारखी, रंग सारखा आणि खाणं सारखं, ते एकमेकांचे वैरी. रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. दोघेही पुढून जांभळे, मागून पिवळे, दोघेही कपारीत राहणारे. समुद्रात त्यांची गाठ कधीच पडत नाही, कारण ग्रामा कॅरिबियन समुद्रातला आणि डॉटीबॅक पश्चिम पॅसिफिकमधला. टँकमध्ये मात्र त्यांना समोरचा आपल्याच जातीचा घुसखोर वाटतो, आणि डॉटीबॅक जास्त तिखट असल्यानं ग्रामा हरतो. डॉटीबॅक ठेवायचाच असेल तर तांबड्या समुद्रातला ऑर्किड डॉटीबॅक त्यातल्या त्यात मवाळ, पण तरी कपार त्याची एकट्याचीच समजायची.

क्लाउनफिशबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण जवळपास प्रत्येक लहान टँकमध्ये तो असतो आणि बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात. क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात. गटातला सगळ्यात जबरदस्त मासा मादी होतो, त्याच्या खालचा प्रजननक्षम नर राहतो. म्हणून दोन घ्यायचे तर दोन्ही लहान आणि आकारात थोडा फरक असलेले घ्यावेत. मोठा मादी होईल, दुसरा नमतं घेईल. नमतं घेणारा मासा मोठ्यासमोर अंग थरथरवतो. ते बघून अनेक जण घाबरून आजाराचं औषध शोधतात, पण ती ‘तूच मोठी’ अशी कबुली असते. तिसरा क्लाउनफिश कधीही घालू नका. दोन मोठ्या माद्या एकत्र आणल्या तर त्यातली एक मरेपर्यंत मारामारी चालते.

त्यातही जात महत्त्वाची. ओसेलारिस आणि पर्क्युला लहान टँकला साजेसे. मरून क्लाउनफिश दिसायला राजस असला तरी साठ लिटरमध्ये तो दुसऱ्या कोणालाच राहू देत नाही. टोमॅटो आणि क्लार्की हेही मोठे आणि तापट. आणि ओसेलारिसची जोडी जमून अंडी घालायला लागली की तीही बदलते. काच पुसायला हात घातला की माझी मादी बोटाला कडाडून चावते. तिच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरात ती कोणाला फिरकू देत नाही. ६० सेंमीच्या टँकमध्ये वीतभर म्हणजे एक तृतीयांश लांबी गेली. जोडी असलेल्या टँकमध्ये नवा मासा आणताना ही जागा आधीच वजा करा.

डॅमसेल स्वस्त, चिवट आणि रंगीत, म्हणून सुरुवातीला गळ्यात पडतात. पूर्वी टँकची सायकल चालवायला, म्हणजे नव्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायला, त्यांनाच अमोनियात सोडायचे. ही क्रूर पद्धत होती, आणि ज्यांनी ती वापरली त्यांच्याकडे सायकल संपेपर्यंत टँकवर मालकी सांगणारा मासा तयार झालेला असायचा. डॉमिनो डॅमसेल नखाएवढा काळा ठिपका म्हणून येतो आणि पुढे १४ सेंमीपर्यंत वाढतो. निळा रंग हवाच असेल तर पिवळ्या शेपटीचा डॅमसेल त्यातल्या त्यात सौम्य. तो एकच घ्यावा आणि सगळ्यात शेवटी सोडावा.

वाळूतल्या बिळासाठी पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंप ही जोडी मला सगळ्यात आवडते. श्रिंपची दृष्टी फार अधू असते. तो दिवसभर बीळ खोदतो, आणि बाहेर आला की मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवतो. धोका दिसला की गोबी शेपटी झटकतो आणि दोघे आत. दोघेही कोणाच्या अध्यात-मध्यात नसतात. एकच खबरदारी: खडक वाळूवर ठेवलेले असतील तर श्रिंप त्यांच्याखालची वाळू उपसतो आणि रचना कोसळते. खडक आधी तळाच्या काचेवर टेकवायचे, वाळू नंतर भोवती टाकायची. एका लहान टँकमध्ये दोन वॉचमन मात्र नकोत.

फायरफिश मोकळ्या पाण्यातला, भित्रा आणि उडी मारणारा. जाळीचं झाकण नसेल तर तो घ्यायचाच नाही. दोन घेतले आणि ते मुळातच जोडी नसतील तर एक दुसऱ्याला संपवतो, म्हणून एकच. बांगाई कार्डिनलचंही तसंच. इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचा मूळचा हा मासा. नर अंडी आणि पिल्लं कित्येक आठवडे तोंडात सांभाळतो. चार-पाच जणांचा थवा छान दिसेल म्हणून लोक घेतात, आणि मोठे झाले की त्यातले दोनच उरतात. समुद्रातली त्यांची संख्या पकडण्यामुळे खूप घटली आहे, तेव्हा टँकमध्ये जन्मलेलेच शोधावेत.

टँग, म्हणजे पिवळा टँग, निळा टँग, हे या आकारात बसतच नाहीत. पिल्लू असताना ठेवू, मोठा झाला की देऊन टाकू, हा बेत मी अनेकांचा फसलेला पाहिला आहे. मासा रोज काचेला समांतर तीच ती फेरी मारत राहतो आणि त्या ताणात इक पकडतो. ड्वार्फ एंजलही टाळा. काही एंजल प्रवाळाला वर्षानुवर्षं तोंड लावत नाहीत आणि एके दिवशी सुरू होतात, आणि एवढ्या लहान जागेत ते इतर माशांनाही हैराण करतात.

त्रास देणारा सापडला, आता?

नवा मासा अजून जिवंत असेल तर तो आजच पारदर्शक, भोकं असलेल्या डब्यात घालून टँकमध्येच टांगा. पाणी तेच राहतं, जुने मासे त्याला बघतात पण पोचू शकत नाहीत, आणि तुम्हाला त्याला निवांत खाऊ घालता येतं. तीन ते सात दिवस ठेवा. जुना मासा पहिल्या दिवशी डब्यावर तुटून पडणारच. चौथ्या-पाचव्या दिवशीही तेवढ्याच जोरानं तुटून पडत असेल तर ही सोबत जमणार नाही, नवा मासा परत करा. आता मी प्रत्येक नवा मासा, विलगीकरण संपल्यावर, याच डब्यातून सोडते.

खडकांची फेररचना केली की जुन्या माशाच्या हद्दीच्या खुणा मोडतात. ते खरं आहे, पण प्रवाळ चिकटलेले असतील तर ते शक्य नसतं. काचेला बाहेरून आरसा लावण्याचा उपायही काहींना लागू पडतो: दादा मासा आरशातल्या स्वतःशी भांडण्यात गुंततो आणि नव्याला दोन दिवस मिळतात. यातून फक्त वेळ मिळतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्रास देणाऱ्याला काढणं. जाळीनं पाठलाग करू नका, निम्मे प्रवाळ पडतील आणि मासा मिळणार नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवा, आत मायसिस (माशांना घालायचं बारीक कोळंबीसारखं खाणं) टाका आणि बाटली टँकमध्ये नुसती ठेवून द्या. बाकीच्या टँकमध्ये खाणं थोडं कमी करा, म्हणजे सगळे बाटलीत जायला शिकतात. माझा सिक्सलाइन नवव्या दिवशी अडकला. त्याला आठवडाभर वेगळं ठेवून परत शेवटचा म्हणून सोडायचा, म्हणजे तो ‘नवा’ होतो, असाही एक मार्ग आहे; थोड्या तापट माशांवर तो चालतो. सिक्सलाइनवर मला विश्वास नव्हता. तो आता एका मोठ्या टँकमध्ये आहे.

उपासमारीचं एकच उदाहरण सांगते, कारण ते सतत घडतं. मँडरिन. हा मासा कोणाला त्रास देत नाही, त्याला कोणी त्रास देत नाही, तक्त्यात सगळे रकाने हिरवे. पण तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड (अगदी बारीक जिवंत कवचधारी जीव) टिपत फिरतो, आणि साठ लिटरमधल्या खडकावरचे कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवतो. फ्रोझन खायला शिकलेला मँडरिन समोर खाताना पाहिल्याशिवाय घेऊ नका. त्याच टँकमध्ये रॅस असेल तर तेही खाणं वाटून घेतलं जातं.

श्रिंप, खेकडे, गोगलगायी

इथे चुकीच्या आरोपांचं प्रमाण फार मोठं आहे. सकाळी हर्मिट खेकडा किंवा ब्रिसल वर्म मेलेल्या माशावर दिसतो आणि तोच खुनी ठरतो. बहुतेक वेळा मासा आधीच मेलेला असतो आणि ते साफसफाई करत असतात. श्रिंपचं रिकामं कवच दिसलं की लोक रडवेले होतात. श्रिंप कात टाकून खडकामागे बसलेला असतो, दोन दिवस थांबा.

हर्मिट गोगलगायींना मारतात, हा आरोप मात्र खरा. त्यांना अंगापेक्षा मोठा शंख हवा असतो. रिकामे शंख टाकून ठेवले तर हे बरंच कमी होतं, थांबत नाही. मी हर्मिट बंदच केले. ट्रोकस गोगलगाय चांगली, उलटी पडली तर स्वतः सरळ होते. अॅस्ट्रिया होत नाही, रोज बघून सरळ करावी लागते. वाळूसाठी दोन-तीन नॅसेरियस. लहान टँकमध्ये शैवाल कमी असतं, तेव्हा वीस-पंचवीस जणांचा ताफा आणला तर त्यातले बहुतेक उपाशी मरून पाणीच खराब करतील.

कोरल बँडेड श्रिंप दुसऱ्या श्रिंपांना फाडतो. तो असेल तर दुसरा श्रिंप नको. हॉकफिशच्या टँकमध्ये श्रिंप सोडणं म्हणजे त्याला जेवण वाढणं. हार्लेक्विन श्रिंप फक्त तारामासे खातो, त्याची पोटाची सोय नसेल तर घेऊच नये. चॉकलेट चिप तारामासा प्रवाळ खातो. आणि पेपरमिंट श्रिंप घेताना डोळे उघडे ठेवा. एप्टेशिया (टँकमध्ये तणासारखा पसरणारा, डंख मारणारा जीव) खायला तो आणतात, पण त्याच्यासारखाच दिसणारा कॅमल श्रिंप बरेचदा त्याच नावानं विकला जातो आणि तो झोअँथिड, मश्रूम हे मऊ प्रवाळांसारखे जीव खातो. कॅमलच्या लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेषा असतात, डोळे मोठे आणि पाठीला कुबड.

प्रवाळांची भांडणं रात्री होतात

प्रवाळ एका जागी बसलेले असतात म्हणून त्यांच्या सोबतीचा विचारच केला जात नाही. ‘पॅरामीटर ठीक आहेत, तरी हा एक प्रवाळ मागे हटतोय’ ही तक्रार आली की मी आधी विचारते, कोणत्या बाजूनं? सगळीकडून सारखाच विटत असेल तर अल्कलिनिटी, प्रकाश, प्रवाह तपासा. एकाच बाजूचं मांस जात असेल आणि त्या बाजूला शेजारी असेल, तर शेजारी डंख मारतोय.

दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल उजेडात बघा. गॅलेक्सिया या प्रवाळाची शुंडकं दिवसा इवलीशी असतात; रात्री त्यातूनच वीस सेंमीपर्यंत लांब दोरे निघतात. ६० सेंमीच्या टँकमध्ये गॅलेक्सियाला जागाच नाही. फेव्हियासारखे ब्रेन प्रवाळही रात्री असेच दोरे सोडतात. टॉर्च, हॅमर आणि फ्रॉगस्पॉन हे प्रवाळ एकाच कुळातले. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन एकमेकांना टेकले तरी बहुधा चालतं, टॉर्च मात्र दोघांनाही भाजून काढतो. अंतर मोजताना प्रवाहाची दिशा बघा. दोरे पाण्याबरोबर वाहतात, त्यामुळे प्रवाहाच्या खालच्या अंगाला दुप्पट मोकळी जागा ठेवावी लागते. माझा हॅमर टॉर्चपासून बारा सेंमीवर होता आणि तरी जळत होता. पॉवरहेड फिरवून प्रवाह दुसरीकडे वळवल्यावर तीन आठवड्यांत कड भरून आली.

लेदर प्रवाळ डंख मारत नाहीत, ते पाण्यात रसायनं सोडतात. मोठ्या टँकमध्ये ती विरळ होतात, साठ लिटरमध्ये साचतात आणि कडक सांगाड्याचे प्रवाळ, विशेषतः ॲक्रोपोरा, मलूल राहतात. ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी बदला. त्याहून बरं म्हणजे आधीच ठरवा, हा टँक मऊ प्रवाळांचा की कडक. झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप डंख न मारता शेजाऱ्यावरून पसरत जातात. त्यांना वाळूत वेगळा, सुटा खडक द्या.

कधी गुन्हेगार मासा निघतो. हॅमर बंदच राहतो, आणि कारण असं की क्लाउनफिशनं त्यालाच घर मानून दिवसभर अंग घासलंय. हॅमर मोठा असेल तर सहन करतो, लहान तुकडा मरतो. पिवळा क्लाउन गोबी अंडी घालायला ॲक्रोपोराच्या फांदीवरचं मांस खरवडतो. लॉनमोअर ब्लेनी शैवाल संपल्यावर प्रवाळाला तोंड लावू शकतो.

क्लाउनफिशसाठी ॲनिमोनी (डंख मारणाऱ्या शुंडकांचा, प्रवाळांचा नातलग जीव) हवाच असं वाटतं. नको. बबल टिप ॲनिमोनी आवडेल ती जागा मिळेपर्यंत टँकभर चालतो, वाटेतल्या प्रत्येक प्रवाळाला डंखतो, आणि पंपात अडकला तर एका रात्रीत सगळा टँक नासवतो. कार्पेट ॲनिमोनी मासे खातो. क्लाउनफिश ॲनिमोनीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या टँकमध्ये वाढतात.

जाता जाता एक अत्यंत गंभीर गोष्ट. झोअँथिड, आणि विशेषतः त्यांच्या जवळचे पॅलिथोआ, यांत पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं. १९७१ साली हवाईतल्या पॅलिथोआमधून ते वेगळं काढलं गेलं. आजवर माहीत असलेल्या अतिविषारी नैसर्गिक पदार्थांत ते मोडतं. नको असलेले पॉलिप काढायला खडक उकळू नका, गरम पाणी ओतू नका, ब्रशनं घासू नका. वाफेतून घरातल्या सगळ्यांना बाधा होऊ शकते. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा. त्यानंतर तोंडात धातूची चव, ताप, धाप असं काही झालं तर लगेच रुग्णालयात जा आणि प्रवाळ हाताळल्याचं आवर्जून सांगा.

माझा आताचा क्रम

रॅस गेल्यावर सहा आठवडे मी काहीही आणलं नाही. मग सगळ्यात भित्रा आधी: फायरफिश, एकटा. तो दिवसभर मोकळ्या पाण्यात राहायला लागल्यावर, साधारण महिन्यानं, वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंप. मग माथ्यावर बसणारी टेलस्पॉट ब्लेनी. दोन लहान ओसेलारिस शेवटी, कारण हद्द आखणारे तेच. पाच मासे झाले, चारही जागा भरल्या. कपार रिकामी दिसते म्हणून रॉयल ग्रामा घालायचा मोह होतो, पण रात्री फायरफिश त्याच कपारीत झोपतो, म्हणजे ती रिकामी नाही.

मासा घ्यायला जाताना मी या चार जागांचा कागद सोबत नेते. विकणाऱ्याला मासा समोर खाऊ घालायला सांगते, आणि त्याच्या टाकीत त्याच्या शेजारी कोण आहे आणि त्यांच्याशी तो कसा वागतोय ते दहा मिनिटं उभी राहून बघते.